उन्हाळी वेळ आणि तारखांचे हिशेब : नव्या प्रोग्रामरसाठी मार्गदर्शन

इंदूरच्या विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉर भागात ज्या कार्यालयांतून अमेरिकेतील ग्राहकांचे काम चालते, तेथे मार्च महिन्यात दरवर्षी एक गोष्ट घडते. हिवाळाभर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी बैठक एका सोमवारपासून साडेसहाला सुरू होऊ लागते. न्यूयॉर्कमधील मंडळी नेहमीप्रमाणे सकाळी नऊ वाजताच बसलेली असतात. त्यांचे घड्याळ मात्र आदल्या दिवशी पहाटे एक तास पुढे गेलेले असते. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना ही गोष्ट बैठकीपुरती लगेच समजते. हाच एक तास आपण लिहिलेल्या प्रोग्राममध्ये शिरला की काय होते, हे मात्र बहुतेकांना ग्राहकाची तक्रार आल्यावरच कळते.

याचे कारण साधे आहे. भिंतीवरचे घड्याळ वर्षातून दोनदा हलवण्याचा अनुभव आपल्यापैकी कोणालाच नाही, आणि आपल्या संगणकावर भारतीय प्रमाणवेळ लावलेली असल्यामुळे चुकीचा कोडही आपल्या टेबलावर बिनचूक उत्तर देतो. तोच कोड शिकागो किंवा लंडनच्या सर्व्हरवर गेला की वर्षातले ३६३ दिवस बरोबर चालतो आणि उरलेल्या दोन दिवशी चुकतो. अशी चूक शोधणे फार जिकिरीचे असते, म्हणून ती होऊच नये यासाठी काय करावे ते येथे क्रमाने मांडतो.

आधी घड्याळाचे नियम

जगातील सर्व प्रमाणवेळा ज्या एका वेळेशी ताडून सांगितल्या जातात तिला यूटीसी म्हणतात, आणि एखाद्या ठिकाणची वेळ यूटीसीच्या जितकी पुढे किंवा मागे असेल त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. भारताचा ऑफसेट अधिक साडेपाच तास आहे आणि तो बाराही महिने तसाच राहतो. न्यूयॉर्क हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात चार तास. म्हणून इंदूर आणि न्यूयॉर्क यांच्यातील फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा, तर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा असतो. घड्याळ पुढे नेण्याच्या या पद्धतीला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात. या लेखात मी तिला उन्हाळी वेळ म्हणेन.

प्रमाणवेळ हा माणसांनी केलेला करार आहे, हे आपण इंदूरकरांना समजायला अवघड जाऊ नये. प्राचीन भारतीय गणितज्ञांचे शून्य रेखावृत्त आपल्या शेजारच्या उज्जैनमधून जात असे. आजची भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. इंदूर त्याच्या पश्चिमेला सुमारे साडेसहा अंशांवर असल्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबाराला दोन-चार मिनिटे कमी असतात. सूर्याचे आणि घड्याळाचे हे नाते सरकारने ठरवलेले असते, आणि सरकार ते बदलूही शकते. पुढची सगळी काळजी याच एका गोष्टीतून उद्भवते.

अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ तीनवर नेले जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता पुन्हा एकवर आणले जाते. १९८७ ते २००६ या काळात हेच बदल एप्रिलच्या पहिल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होत असत, म्हणून जुन्या नोंदींना आजचा नियम लावला तरी हिशेब चुकतो. ब्रिटन आणि युरोपीय संघातील देश मार्च व ऑक्टोबरचा शेवटचा रविवार पाळतात. परिणामी २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च हे तीन आठवडे आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा एक आठवडा न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातील फरक पाचऐवजी चार तासांचा राहतो. सिडनीमध्ये उन्हाळा उलट्या महिन्यांत येत असल्याने तेथे घड्याळ ऑक्टोबरमध्ये पुढे आणि एप्रिलमध्ये मागे जाते. अमेरिकेतलेच फिनिक्स शहर घड्याळ हलवतच नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर ते अर्ध्याच तासाने हलते. हे सारे नियम पाठ करण्याची गरज नाही. ते पाठ करून आपल्या कोडमध्ये लिहिता येणार नाहीत, एवढे पटले तरी पुरे.

घड्याळ हलवण्याच्या रात्री नेमके काय होते, ते मात्र नीट पाहू या, आणि त्यासाठी आपल्या घरातले पंचांग उपयोगी पडेल. जी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपते, तिचा क्षय झाला असे आपण म्हणतो. जी दोन सूर्योदयांना सापडते तिची वृद्धी झाली असे म्हणतो. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ रोजी १ वाजून ५९ मिनिटांनंतर थेट ३ वाजतात. दोन ते तीन या तासाचा क्षय होतो, अडीच वाजले असा क्षणच त्या दिवशी येत नाही आणि तो दिवस २३ तासांचा असतो. १ नोव्हेंबर २०२६ रोजी १ वाजून ५९ मिनिटांनंतर पुन्हा १ वाजतो. एक ते दोन या तासाची वृद्धी होते, दीड दोनदा वाजतो आणि दिवस २५ तासांचा होतो. पुढे मी या दोहोंना क्षयतास आणि वृद्धितास असेच म्हणेन.

पहिली पायरी : समोरची वेळ कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

कोडची एकही ओळ लिहिण्यापूर्वी करायचे हे काम आहे, आणि माझ्या मते अर्ध्याहून अधिक चुका येथेच टळतात. प्रोग्राममध्ये ‘वेळ’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी वावरत असतात.

पहिली गोष्ट म्हणजे क्षण. पैसे जमा झाले, फाइल चढवली गेली, माणसाने लॉग-इन केले, हे सर्व घडून गेलेले क्षण आहेत. ते इंदूरमधून पाहिले काय किंवा लंडनमधून, क्षण तोच राहतो. फक्त घड्याळातले आकडे वेगळे दिसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या ठिकाणच्या घड्याळातली वेळ. शिकागोच्या दवाखान्यात सकाळी नऊची भेट ठरली आहे, रोज रात्री आठला औषधाची आठवण करायची आहे, दुकान दहाला उघडते, अशा नोंदींत माणसाला घड्याळातला आकडा हवा असतो. घड्याळ पुढे गेले म्हणून रुग्णाला औषधाची आठवण आठऐवजी नऊ वाजता करून दिलेली चालत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नुसती तारीख. जन्मतारीख, सुटीचा दिवस, बिल भरण्याची शेवटची तारीख यांना ना तास असतो ना टाइमझोन, म्हणजे एकच घड्याळ पाळणारा प्रदेश. ज्या भाषेत फक्त तारखेसाठी वेगळा प्रकार आहे तेथे तोच वापरावा. जावामध्ये लोकलडेट, पायथनमध्ये डेट आणि बहुतेक डेटाबेसमध्येही डेट हा प्रकार त्यासाठीच आहे.

या तिसऱ्या प्रकाराबाबत एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण त्यात परदेशाचा संबंधच नव्हता. काही वर्षांपूर्वी येथील एका संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांची यादी मी एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेत होतो. यादी छापल्यावर एका काकूंनी त्यांची जन्मतारीख एक दिवस मागे गेल्याचे दाखवले. शोध घेतल्यावर अशी आणखी काही माणसे निघाली आणि ती सगळीच सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात जन्मलेली होती. इतर सर्वांच्या तारखा बरोबर होत्या. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचे घड्याळ एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. जुना प्रोग्राम जन्मतारीख ‘त्या दिवशीची मध्यरात्र’ अशा क्षणाच्या रूपात ठेवत असे आणि तो क्षण काढताना भारताच्या घड्याळाचा पूर्ण इतिहास विचारात घेत असे. १० जून १९४३ ची मध्यरात्र त्याने ९ जूनचे यूटीसी साडेसतरा वाजले अशी नोंदवली होती. नवा कोड माझा होता, आणि त्यात मी सरसकट साडेपाच तास मिळवत होतो. साडेसतरा अधिक साडेपाच म्हणजे तेवीस. तारीख ९ जूनच राहिली. चूक दोन ठिकाणी होती : तारखेला क्षण बनवणे ही पहिली आणि ऑफसेट हाताने मिळवणे ही दुसरी. काकूंनी दाखवले नसते, तर ती यादी तशीच पुढे गेली असती.

दुसरी पायरी : ऑफसेट किंवा आद्याक्षरे न ठेवता टाइमझोनचे नाव ठेवा

जगभरातील टाइमझोन आणि त्यांचे आजवरचे सर्व बदल एका सामाईक डेटाबेसमध्ये नोंदवलेले असतात. त्याची सुरुवात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी केली, पॉल एगर्ट अनेक वर्षे त्याचे संपादन करीत आले आहेत, आणि २०११ पासून आयएएनए ही संस्था त्याचे प्रकाशन करते. त्यात प्रत्येक टाइमझोनला खंड आणि शहर यांवरून नाव दिलेले असते : ‘एशिया/कोलकाता’, ‘अमेरिका/न्यूयॉर्क’, ‘युरोप/लंडन’. इंदूरसाठीही ‘एशिया/कोलकाता’ हेच नाव चालते, कारण संपूर्ण भारताला एकच टाइमझोन आहे.

‘उणे पाच’ एवढाच ऑफसेट साठवला, तर जुलैमध्ये काय करायचे हे त्यातून कळत नाही. आद्याक्षरांची स्थिती आणखी वाईट आहे. आयएसटी म्हणजे भारताची वेळ, इस्रायलची वेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही. सीएसटी अमेरिकेच्या मध्य भागात आणि चीनमध्ये वेगवेगळ्या अर्थाने वापरतात. डेन्व्हर आणि फिनिक्स हिवाळ्यात एकच वेळ दाखवतात म्हणून दोघांना एकाच नावाखाली घातले, तर मार्चमध्ये फिनिक्सचे सगळे वेळापत्रक एक तासाने सरकते.

म्हणून वापरकर्त्याला त्याचे शहर विचारावे किंवा ब्राउझरकडून टाइमझोनचे नाव घ्यावे, आणि ते नाव त्याच्या नोंदीसोबत वेगळ्या रकान्यात ठेवावे. कोडमध्ये कुठेही ‘५.३०’, ‘३३० मिनिटे’ किंवा ‘१९८०० सेकंद’ असा आकडा हाताने लिहिलेला दिसला, तर तो काढून त्या जागी लायब्ररीला टाइमझोनचे नाव द्यावे. आपल्याकडच्या कोडमध्ये हा आकडा फार आढळतो आणि ‘आपल्याकडे घड्याळ हलतच नाही’ या समजुतीवर तो टिकून राहतो.

तिसरी पायरी : साठवणूक

घडून गेलेले क्षण यूटीसीमध्ये साठवावेत. याबाबत फारसे मतभेद नाहीत आणि येथे रेंगाळण्याची गरज नाही. फक्त पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : त्यातील ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ या प्रकाराच्या नावात टाइमझोन असला तरी तो टाइमझोन साठवत नाही. आलेली वेळ तो यूटीसीत बदलून ठेवतो आणि दाखवताना चालू सेशनच्या टाइमझोनमध्ये दाखवतो. मूळ टाइमझोन हवा असेल, तर त्यासाठी स्वतंत्र रकाना करावा लागतो.

भविष्यातील भेटींना मात्र ‘सगळे यूटीसीत ठेवा’ हा सल्ला लागू पडत नाही, आणि तो डोळे झाकून पाळणाऱ्यांनाच धक्का बसतो. समजा, मेक्सिको सिटीतील एका ग्राहकाने २०२२ च्या उन्हाळ्यात मे २०२३ मधली सकाळी दहाची भेट नोंदवली आणि आपण ती त्या वेळच्या नियमाप्रमाणे यूटीसीत बदलून ठेवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने देशाच्या बहुतेक भागातून उन्हाळी वेळच रद्द केली. मे उजाडल्यावर आपला प्रोग्राम ती भेट सकाळी नऊला दाखवणार. लेबनॉनमध्ये तर मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे नेण्याच्या अवघे काही दिवस आधी तो बदल रमजान संपेपर्यंत लांबवल्याचे जाहीर झाले, काही संस्थांनी ते मानले नाही, देशात काही दिवस दोन वेळा चालल्या आणि मग निर्णय फिरवावा लागला. अशा भेटींसाठी ‘१५ मे, सकाळी १०, अमेरिका/मेक्सिको सिटी’ असे तीन तपशील मूळ नोंद म्हणून जपावेत. शोधण्यासाठी व क्रम लावण्यासाठी यूटीसीतील क्षण शेजारी जरूर ठेवावा, पण तो मूळ नोंदीवरून पुन्हा काढता येईल अशी सोय असावी.

चौथी पायरी : बेरीज-वजाबाकी करताना ‘दिवस’ आणि ‘चोवीस तास’ वेगळे ठेवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘उद्या याच वेळी’ आणि ‘चोवीस तासांनी’ हे दोन वाक्प्रयोग आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, कारण भारतात त्यांचे उत्तर नेहमी एकच येते. न्यूयॉर्कमध्ये ७ मार्च २०२६ च्या सकाळी नऊमध्ये एक दिवस मिळवला तर ८ मार्चचे नऊ येतात, आणि चोवीस तास मिळवले तर ८ मार्चचे दहा. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्न वेगवेगळे आहेत. रोजच्या आठवणीसाठी पहिले हवे, ‘दोन मात्रांमध्ये किमान चोवीस तासांचे अंतर’ या अटीसाठी दुसरे.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे दोन तारखांमधील दिवस मोजण्यासाठी दोन्ही मध्यरात्रींचे क्षण घ्यायचे, वजाबाकी करायची आणि ८६४०० सेकंदांनी, म्हणजे चोवीस तासांनी, भागायचे. कागद घेऊन हे स्वतः करून पाहावे. न्यूयॉर्कमध्ये १ मार्च २०२६ च्या मध्यरात्रीपासून १५ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत कॅलेंडरवर १४ दिवस आहेत, परंतु त्यातील एक दिवस २३ तासांचा असल्याने प्रत्यक्ष तास ३३६ न भरता ३३५ भरतात. ३३५ भागिले २४ म्हणजे १३.९६, अपूर्णांक सोडून दिला की १३ उरतात. भाड्याच्या खोलीचे चौदा दिवसांचे बिल तेरा दिवसांचे होते. नोव्हेंबरमध्ये याच लांबीच्या कालावधीत ३३७ तास भरतात, आणि तेथे भागाकार वरच्या पूर्णांकाकडे नेणारा कोड पंधरा दिवसांचे बिल काढतो. जवळच्या पूर्णांकावर आणून हा दोष झाकता येतो खरा, पण तसे करू नये. दोन्ही बाजूंच्या तारखा काढाव्यात आणि तारखांचीच वजाबाकी करावी, म्हणजे तासांचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

दुसरी चूक लूपमध्ये होते. महिन्यातील प्रत्येक दिवसाचा अहवाल काढताना मध्यरात्रीपासून सुरुवात करून दर फेरीत २४ तास मिळवत गेले, तर १ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर २४ तासांनी १ नोव्हेंबरचेच रात्रीचे अकरा वाजतात. अहवालात १ नोव्हेंबर दोनदा येतो आणि महिन्याचा शेवटचा दिवस गळतो. दर फेरीत तारीख एकाने वाढवावी आणि हवा असल्यास त्या तारखेच्या दिवसारंभाचा क्षण लायब्ररीकडून नव्याने मागावा.

तिसरे उदाहरण पगाराचे आहे आणि त्यात माणसाच्या श्रमाचा प्रश्न असल्यामुळे ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. रात्रपाळी दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपते. ३१ ऑक्टोबर २०२६ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये कामावर असलेली परिचारिका प्रत्यक्षात नऊ तास उभी असते, पण घड्याळातील आकड्यांची वजाबाकी करणारा प्रोग्राम तिला आठच तासांचे पैसे देतो. येथे कॅलेंडरचे दिवस किंवा घड्याळाचे आकडे चालणार नाहीत. दोन्ही वेळा यूटीसीत नेऊनच अंतर काढले पाहिजे.

आता साधनांची वागणूक. जावाच्या आठव्या आवृत्तीपासून आलेल्या नव्या वेळ-लायब्ररीत हा भेद स्वच्छ आहे : झोन्डडेटटाइमला प्लसडेजने दिवस मिळवले की घड्याळातील आकडा टिकतो, आणि प्लसअवर्सने तास मिळवले की खरे तास मोजले जातात. पोस्टग्रेसमध्येही ‘१ डे’ आणि ‘२४ अवर्स’ हे वेगळे कालावधी मानले जातात. पायथनमध्ये मात्र विशेष सावध राहावे. तेथे एकाच टाइमझोनच्या दोन वेळांची वजाबाकी केली, तर ती भिंतीवरच्या घड्याळातील आकड्यांचीच होते. वरील परिचारिकेचे उत्तर टाइमझोन जोडलेला असूनही आठ तासच येते. टाइमडेल्टा या कालावधीच्या प्रकाराने ८ मार्चच्या दीडमध्ये एक तास मिळवला, तर अस्तित्वात नसलेले अडीच मिळतात आणि कोणतीही सूचना येत नाही. म्हणून पायथनमध्ये खऱ्या तासांचा हिशेब करायचा असेल, तेव्हा दोन्ही वेळा आधी यूटीसीत बदलाव्यात, हिशेब करावा आणि दाखवण्यापुरते परत स्थानिक वेळेत यावे.

जावास्क्रिप्टच्या डेटबाबत एकच सांगतो, कारण त्यात आपली मंडळी हमखास फसतात. त्याला ‘२०२६-०३-०८’ अशी फक्त तारीख दिली, तर तो तिला यूटीसीची मध्यरात्र समजतो. इंदूरमध्ये ती त्याच दिवसाची पहाटे साडेपाचची वेळ दिसते, म्हणून आपल्याला सगळे ठीक वाटते. न्यूयॉर्कमधील ब्राउझरमध्ये ती आदल्या संध्याकाळची सात वाजताची वेळ ठरते आणि पडद्यावर ७ मार्च उमटते.

पाचवी पायरी : क्षयतास आणि वृद्धितास आल्यास काय करायचे ते लिहून ठेवा

वापरकर्त्याने क्षयतासातली वेळ टाइप केली, तर लायब्ररी बहुधा तक्रार न करता काहीतरी ठरवून मोकळी होते. जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्हीही ८ मार्चच्या अडीचचे साडेतीन करतात, आणि वृद्धितासातील दीडचा अर्थ पहिल्या वेळचा दीड असा घेतात. पायथनमध्ये ३.६ आवृत्तीपासून ‘फोल्ड’ नावाचा गुण आहे. तो शून्य असेल तर पहिला दीड आणि एक असेल तर दुसरा. हे ठरावीक वर्तन पुष्कळदा चालून जाते, परंतु ते आपल्या कामाला योग्य आहे की नाही, हे ग्राहकाला विचारून ठरवावे आणि त्या निर्णयाची नोंद कोडशेजारी करावी. पैशांच्या व्यवहारात किंवा औषधांच्या नोंदीत प्रश्न विचारणेच बरे : ‘आपल्याला पहिला दीड अभिप्रेत आहे की दुसरा?’ एवढा एक पर्याय पडद्यावर दिला की वाद राहत नाही.

‘दिवस मध्यरात्री बारालाच सुरू होतो’ हेही गृहीत धरू नये. ब्राझीलने २०१९ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केली. तोपर्यंत साओ पाउलोमध्ये घड्याळ मध्यरात्रीच पुढे जात असे, आणि ४ नोव्हेंबर २०१८ हा दिवस तेथे एक वाजता सुरू झाला. जावामध्ये ‘ॲट स्टार्ट ऑफ डे’ या फंक्शनला टाइमझोन दिला, तर ते अशा दिवसाचा खरा आरंभ देते. सामोआ या देशाने तर तारीखरेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर २०११ हा पूर्ण दिवसच गाळला. तिथीच्या क्षयाला सरावलेल्या आपल्या मनाला याचे आश्चर्य कमी वाटावे, पण प्रोग्रामला ते सांगावेच लागते.

सहावी पायरी : ठरावीक वेळी चालणारी कामे

रात्री आपोआप चालणारी कामे लावताना सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी ठेवावा. ते शक्य नसेल, तर स्थानिक वेळेनुसार पहाटे एक ते तीन या पट्ट्यात काहीही लावू नये, कारण अडीचचे काम मार्चमध्ये एका रात्री वगळले जाण्याचा आणि दीडचे काम नोव्हेंबरमध्ये दोनदा चालण्याचा धोका असतो. बिल पाठवणे किंवा पैसे वळते करणे अशा कामांना ‘या तारखेचे काम झाले’ अशी खूण ठेवावी, म्हणजे काम दोनदा सुरू झाले तरी परिणाम एकदाच होईल.

सातवी पायरी : इंदूरच्या टेबलावर न्यूयॉर्कची रात्र आणा

आपल्या संगणकावर चाचणी यशस्वी होणे हा या विषयात पुरावा मानता येत नाही. ‘टीझेड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ ही किंमत देऊन सगळ्या टेस्ट एकदा चालवून पाहाव्यात. कित्येक जुने प्रोग्राम या एका कृतीनेच आपले दोष दाखवतात. त्याशिवाय कोडमध्ये ‘आत्ताची वेळ’ थेट सिस्टिमकडून घेऊ नये. ती बाहेरून देता येईल अशी रचना केली, म्हणजे टेस्टमध्ये हवी ती रात्र उभी करता येते.

माझ्या टेस्टमध्ये न्यूयॉर्कचे ८ मार्च आणि १ नोव्हेंबर २०२६, लंडनचे २९ मार्च, सिडनीचे ५ एप्रिल, साओ पाउलोचे ४ नोव्हेंबर २०१८, लॉर्ड हाउ बेटावरील अर्ध्या तासाचा बदल आणि, त्या काकूंची आठवण म्हणून, ‘एशिया/कोलकाता’मधील १० जून १९४३ ही तारीख कायम असते. प्रत्येक दिवसासाठी तीन गोष्टी तपासाव्यात : बदलाच्या आधीची वेळ, बदलाच्या आतली वेळ आणि तो दिवस ओलांडून जाणारा कालावधी.

आठवी पायरी : नियमांची प्रत ताजी ठेवा

टाइमझोनचा डेटाबेस वर्षातून अनेकदा सुधारला जातो आणि त्याची प्रत एकाच ठिकाणी नसते. जावा स्वतःची प्रत बाळगते, ब्राउझरची वेगळी असते, पोस्टग्रेस त्याच्या बांधणीप्रमाणे स्वतःची किंवा सिस्टिमची वापरते. पायथनमध्ये ३.९ पासून आलेले झोनइन्फो आधी सिस्टिमची प्रत पाहते आणि ती नसेल तर ‘टीझेडडेटा’ या पॅकेजकडे वळते; विंडोजवर सिस्टिमची अशी प्रत नसल्याने हे पॅकेज वेगळे बसवावेच लागते. वर्षानुवर्षे न बदललेल्या कंटेनर इमेजमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, मेक्सिकोची उन्हाळी वेळ अजून चालू असू शकते.

म्हणून आपल्या प्रोग्रामच्या कोणकोणत्या भागांत ही प्रत आहे याची यादी प्रकल्पाच्या माहितीपत्रात लिहावी, आणि फेब्रुवारीच्या शेवटी व सप्टेंबरच्या शेवटी प्रत्येक ठिकाणची आवृत्ती तपासण्याचे काम एका माणसाच्या नावावर लावावे. आवृत्तीच्या नावात वर्ष आणि त्यापुढे एक अक्षर असते, त्यामुळे प्रत किती जुनी आहे ते एका नजरेत कळते. प्रत बदलल्यावर भविष्यातील सर्व भेटींचे यूटीसीतील क्षण मूळ नोंदीवरून पुन्हा काढावेत, आणि ज्या भेटींचा क्षण बदलला असेल त्यांची यादी बदल लागू करण्यापूर्वी कोणीतरी डोळ्यांखालून घालावी.